पंख्याचं तोंड कुणीकडे?

आमच्या घरात सध्या माणसे चार आणि पंखे बारा आहेत. यात अतिशयोक्ती नाही. मी दोनदा मोजले आहेत. निवृत्त माणसाला मोजायला दुसरे असते तरी काय? छताला तीन, फोडणीचा धूर शेजाऱ्यांकडे पोचवणारा स्वयंपाकघरातला एक आणि आईच्या खाटेशी टेबलफॅन एक. हे पाच पंखे माणसांचे. उरलेले सात आमच्या चिरंजिवांच्या कॉम्प्युटरचे. म्हणजे चार जित्याजागत्या माणसांत मिळून पाच आणि एका डब्याला एकट्याला सात! बरे, माणसांच्या पंख्यांपैकी एखादा बंद पडला तर 'रविवारी इलेक्ट्रिशियनला सांगू' एवढ्यावर भागते. डब्याचा एखादा नुसता कुरकुरला, तरी घरात ऑपरेशन थिएटरबाहेरची शांतता पसरते.

हा कॉम्प्युटर विकत आणलेला नाही, घरी बांधलेला आहे. पूर्वी घरी चकल्या करायचे, पापड लाटायचे. आता कॉम्प्युटर बांधतात. त्यासाठी चिरंजीव ओळीने तीन शनिवार नेरूळहून लोकल धरून लॅमिंग्टन रोडला जात होते. या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन कैक वर्षे लोटली, पण विजेचे सुटे भाग घ्यायला 'डॉ. भडकमकर मार्गाला जातो' असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधावा तशी ती खरेदी चालली होती. आज प्रोसेसर, पुढल्या शनिवारी मदरबोर्ड, त्याच्या पुढल्या शनिवारी ग्राफिक्स कार्ड. या कार्डाची किंमत ऐकून सौ.ने फक्त माझ्याकडे पाहिले. आमच्या लग्नात तिच्या वडिलांनी केलेला सगळा खर्च त्या कार्डात बसून वर एक पंगत उठली असती. एवढे झाल्यावर पैसे संपले, आणि पंखे तेवढे साधे घ्यायचे ठरले. "बाबा, लोक याच्यात पाणी फिरवून थंड करतात," चिरंजीव म्हणाले. "आपण साध्या फॅनवर भागवू." आमच्या घराण्यात आजवर सगळ्यांनी साध्या फॅनवरच भागवले आहे. तेवढ्यापुरते मला पोरात आमचे रक्त दिसले.

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. त्या दिवशी आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवलो. प्रोसेसर आणि त्याच्यावर बसणारा पंखा यांच्यामध्ये एक राखाडी मलम लावतात, म्हणजे उष्णता चटकन वर चढते. ते मलम आईने चष्मा वर करून पाहिले. "उष्णतेवरच लावतोयस ना? मग कपाटात कैलास जीवन आहे, ते लाव," ती म्हणाली. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, आणि अंगातल्या कुठल्याही उष्णतेवर तिच्याकडे दोनच उपाय आहेत. दुसरा सब्जा.

मला स्वतःला कॉम्प्युटरच्या उष्णतेचे नवल नाही. मी जन्मलो त्याच सुमारास, १९६० साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याकडे बनवलेला पहिला मोठा कॉम्प्युटर चालू झाला. दोन वर्षांनी पंडित नेहरूंनी त्याचे बारसे केले, नाव ठेवले 'टिफ्रॅक'. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि निर्वात नळी म्हणजे हिशेब करणारा दिवाच. सत्तावीसशे दिवे एका खोलीत पेटवून ठेवले तर काय होईल, हे समजायला गणिती असावे लागत नाही. पुढे ऐंशीच्या दशकात आमच्या बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला काचेची केबिन आणि एअरकंडिशनर मिळाला. मॅनेजरसाहेबांना नव्हता. मे महिन्यात साहेबांना दिवसातून चार-पाच वेळा 'जरा डेटा बघून येतो' असे का वाटे, ते आम्हाला कळत असे. आम्हीही जात होतो. चपला बाहेर काढून, देवळात जावे तसे.

तर पंखे. पंख्याबद्दल माझी समजूत अशी होती, की बटण दाबले की तो फिरतो आणि आपल्याला बरे वाटते. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला कळले की कॉम्प्युटरच्या पंख्याला तोंड असते. मोकळ्या पात्यांच्या बाजूने तो हवा ओढतो आणि ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या दांड्या असतात तिकडून फेकतो. पुष्कळ पंख्यांच्या कडेला दोन बारीक बाणही कोरलेले असतात. एक फिरण्याची दिशा सांगतो, दुसरा वाऱ्याची. चिरंजिवांच्या मदतीला आलेल्या मित्राने ते बाण पाहिले नाहीत. डब्याचे पुढचे दोन आणि मागचा एक असे तिन्ही पंखे त्याने आतल्या बाजूला तोंड करून बसवले. सगळे घेणारे, देणारा कोणी नाही! आमच्या सोसायटीची कमिटी अशीच आहे. गरम हवा आतच घुटमळू लागली, आकडा सत्त्याण्णव अंशांवर गेला आणि पडद्यावरचा धावता शिपाई लग्नाच्या वरातीत चालावे तसा चालू लागला.

"बिघडला?" मी विचारले.

"नाही हो. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. त्याची सोयच असते तशी."

ही सोय मला फार आवडली. शंभराच्या आसपास पोचले की प्रोसेसर आपण होऊन सबुरीने घेतो. माणूस तापला की त्याचा वेग वाढतो. बोलण्याचा तर दुपटीने. देवाने माणूस बनवताना हा एक भाग लॅमिंग्टन रोडवरून आणायचा राहिला असावा.

मग मागचा पंखा उलटा केला. दोन घेणारे, एक देणारा. घेणारा एक जास्त ठेवायचा म्हणजे आत हवेचा थोडा दाब राहतो आणि डब्याच्या फटींतून धूळ शिरत नाही. नवी मुंबईत या धुळीला मान द्यावाच लागतो. वर्षानुवर्षे पारसिकच्या डोंगराला दगडखाणींनी पोखरले आणि शहराचे बांधकाम तर कधी थांबतच नाही. पुढच्या जाळीवर आठवड्याला जो राखाडी थर जमतो, त्याला सौ. 'डोंगर' म्हणते. "आज डोंगर पुसला का रे?"

आकडा पंच्याऐंशीच्या खाली आला. मित्राने चहा घेतला, पोहे घेतले. सगळे खूश. आणि उलट्या केलेल्या त्या तिसऱ्या पंख्याचे तोंड कुणीकडे होते? हॉलच्या कोपऱ्यातल्या खाटेकडे. खाटेवर आई.

इथे वाचकांना एक रुक्ष गोष्ट सांगणे भाग आहे. पंखा काहीही थंड करत नाही. तो फक्त हवा इकडची तिकडे करतो. आपल्याला पंख्याखाली गार वाटते ते आपला घाम वाळतो म्हणून. कॉम्प्युटरला घाम येत नाही, तेवढे एक बरे आहे. खोलीत चौतीस अंश असतील तर जगातले सगळे साधे पंखे जोडलेत तरी डब्यातले काही तेहतिसावर येणार नाही. आणि ती उष्णता डब्यातून निघाली म्हणजे संपली असेही नाही. भिंतीतल्या प्लगमधून चारशे वॅट वीज आत गेली की चारशे वॅट उष्णता बाहेर येते. मधल्या मध्ये चिरंजीव एखादा किल्ला जिंकतात. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता अंगातून सोडत असतो. म्हणजे चिरंजीव रात्री नऊला खेळायला बसले की आमच्या हॉलमध्ये चार पाहुणे येऊन बसतात. चहा मागत नाहीत, बोलत नाहीत, पण एक वाजेपर्यंत उठतही नाहीत.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शास्त्रज्ञांनी वाफेच्या इंजिनांपुढे बसून याचे नियम काढले. मला त्यातून एवढेच समजले आहे, की उष्णता नष्ट करता येत नाही, फक्त कोणाला तरी द्यावी लागते. फ्रीज आतला बर्फ करतो तो मागच्या जाळीतून स्वयंपाकघर तापवून. एअरकंडिशनर खोली गार करतो ती रस्ता तापवून. आणि इथेच विज्ञान संपून कीर्तन सुरू होते. कारण 'द्यावी लागते' म्हटले की लगेच प्रश्न येतो: कोणाला?

उष्णतेचा हा व्यवहार यंत्रांपुरता आहे असे मानू नका. माझे एक स्नेही आहेत. त्यांना ऑफिसात, घरात, बसमध्ये, बँकेत जे जे कोणी छळले असेल, त्याची साद्यंत हकीकत ते मला रात्री साडेदहाला फोनवर सांगतात. पाऊण तास. शेवटी एक मोठा श्वास सोडून म्हणतात, "चला, मन मोकळं झालं. आता झोप लागेल." त्यांना लागते. मी दोनपर्यंत छताच्या पंख्याकडे बघत त्यांच्या साहेबाशी भांडत असतो. मोकळे झालेले मन जाते कुठे, याचा विचार मन मोकळे करणाऱ्याने करायचा नसतो. त्याचे तापमान उतरलेले असते.

पूर्वीच्या काळी हे सगळे डोळ्यांसमोर घडत होते. साहेबाच्या कचेरीत, कोर्टात छताला कापडाची लांबलचक झालर टांगलेली असे आणि तिची दोरी भिंतीच्या भोकातून व्हरांड्यात गेलेली असे. तिथे पंखेवाला बसून, कधी आडवा होऊन पायाच्या अंगठ्याने, दिवसभर ती दोरी ओढी. कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगातून स्वस्थ बसलेल्याच्या दुपटीतिपटीने उष्णता निघते. म्हणजे साहेबाला वाटणारी गार झुळूक पंखेवाल्याच्या अंगात तापवून तयार होत होती. मधे एक भिंत होती. त्या भिंतीला मी फार महत्त्व देतो. पंखेवाला समोर बसला असता तर न्यायाधीशाला तासाभरात त्याला 'जरा थांब रे' म्हणावे लागले असते. भिंतीपलीकडच्या दोरीला कोण थांब म्हणणार?

याच्या उलट जुन्या घरांतला वाळ्याचा पंखा. बाळंतीण पोराला वारा घालते, तिचा हात दुखतो, तिला घाम येतो. उष्णता इथेही कोणाला तरी द्यावीच लागते, पण देणारी आणि घेणारी एकच. पदराने वारा घालणाऱ्या बाईने विज्ञानाचा एकही नियम मोडलेला नसतो. फक्त हिशेबाची वही स्वतःकडे ठेवलेली असते.

यावरून एखादा साधुपुरुष म्हणेल, आपली उष्णता कोणाच्याही अंगावर सोडू नये. म्हणायला काय जाते! तो साधुपुरुष डोळे मिटून बसलेला असतानाही शंभर वॅट सोडत असतो आणि शेजारचे शिष्य ती घेत असतात. जिवंत असणे हीच गोष्ट मुळात शेजाऱ्याला थोडी गरम पडते. तेव्हा सोडावीच लागणार. फक्त कुठे ते ठरवायचे. व्यवहारी माणसांनी याला एक उत्तर शोधले आहे, ते म्हणजे 'बाहेर'. बाहेर सोडा. कचरा बाहेर, धूर बाहेर, एसीचा डबा बाहेर. बाहेर म्हणजे जिथे कोणीच नसते ती जागा.

आमच्या बिल्डिंगचे 'बाहेर' मी गॅलरीतून पाहतो. खाली कंपाउंडच्या भिंतीला टेकून इस्त्रीवाल्याची टपरी आहे. कोळशाची इस्त्री. एप्रिल-मेमध्ये त्या माणसाच्या पोटाशी निखारे असतात, डोक्यावर पत्रा असतो, आणि पहिल्या मजल्यावरच्या मंडळींच्या एसीचा बाहेरचा डबा बरोबर त्या पत्र्यावर गरम फुंकर घालत असतो. ही मंडळी वाईट मुळीच नाहीत. इस्त्रीवाल्याच्या मुलीला त्यांनी शाळेची पुस्तके घेऊन दिली आहेत. त्यांना एवढेच माहीत आहे, की एसीचे तोंड बाहेर आहे.

मला तर वाटते, आमचे हे सबंध शहरच कोणाच्या तरी पंख्याच्या तोंडाशी वसलेले आहे. साठच्या दशकात मुंबई तापली. माणसे मावेनात, गिरण्या, कचेऱ्या, बाजार सगळे एका चिंचोळ्या बेटावर. तेव्हा चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रविणा मेहता यांच्यासारख्या जाणत्या मंडळींनी सुचवले, की खाडीपलीकडे दुसरे शहर उभारा, मुंबईवरचा भार हलका होईल. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, आणि मुंबईची गरम हवा हळूहळू इकडे निघाली. त्यात आम्हीही आलो. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून नेरूळच्या दोन खोल्यांत आलो तेव्हा सौ. गॅलरीत उभी राहून 'किती हो वारा!' म्हणत होती. नियोजनकारांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. याच कोरियांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला अंगणांभोवती बैठी घरे बांधली. झाडे वाढली की अशा अंगणात बसून घामाचा विचार मनात येत नाही. पंख्यावाचून हवा कशी खेळवायची हे त्या माणसाला कळत होते.

पण खाडीपलीकडचे हे 'बाहेर' रिकामे नव्हते. ठाणे आणि रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावे होती. भातशेती होती, मिठागरे होती, आगरी-कोळ्यांची घरे होती. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली त्यांना रस्त्यावर उतरावे लागले. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळ जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात ५ जण गेले, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन परत देण्याची योजना आली. सरकारी मराठीत या लोकांना 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात. पुरामुळे पूरग्रस्त, दुष्काळामुळे दुष्काळग्रस्त, तसे. शब्द बनवणाऱ्याच्या हातून नकळत खरे निघून गेले आहे. आमच्या गॅलरीतला वारा मोफत होता असे मला अनेक वर्षे वाटत होते. त्याचे बिल पलीकडच्या गावात गेले होते.

आता तर ही गंमत पुढे गेली आहे. एके काळी ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना रासायनिक कारखान्यांमुळे नाकाला रुमाल लावावा लागे. त्याच पट्ट्यात, महापे, रबाळे, ऐरोलीला, आता बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. बाहेरून पाहिले तर कोल्ड स्टोरेज वाटावे. आत कांदे-बटाटे नाहीत. हजारोंनी कॉम्प्युटर रचून ठेवलेले आहेत. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून देशातल्या अशा डेटा सेंटरांचा मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईकडे आला. जळगावचा कोणी रात्री सिनेमा बघतो, साताऱ्याची कोणी मावशी भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देते. दोघांच्या हातातला फोन जेमतेम कोमट होतो. उरलेले तापणे अशाच एखाद्या इमारतीच्या वाट्याला येते, आणि तिथली यंत्रे ते छतावरून आकाशात सोडतात. आकाश कोणाच्या मालकीचे नाही. म्हणून तिथे काहीही सोडता येते, असा एक समज आहे.

हे सगळे मी चिरंजिवांना सांगितले. त्यांनी कानावरचा हेडफोन एका बाजूने उचलून ऐकले, म्हणजे अर्धे ऐकले असेल.

आईच्या बाबतीत गोष्ट निराळीच घडत होती. डब्याला पंखे बसले ते जानेवारीत. नवी मुंबईत थंडी साधारण आठवडाभर पडते, पण आई ती दोन महिने पुरवते. त्या तिसऱ्या पंख्याची कोमट झुळूक तिच्या गुडघ्यांना अशी काही मानवली, की रात्री नऊ वाजले की तीच नातवाला हाक मारी, "अरे, तुझी शेगडी नाही का पेटवायची आज?" नातवाला एवढा पाठिंबा खुद्द त्याच्या खेळातल्या सैन्याकडूनही मिळाला नसेल. आजी पाय सोडून बसलेली, नातू किल्ले घेतोय. इतका सुखाचा देखावा मी आमच्या घरात फार क्वचित पाहिला आहे.

एप्रिल उजाडला. पंखा तोच, झुळूक तीच, चारशे वॅटही तेच. खोली मात्र चौतिसावर. एके सकाळी मी उठलो तर आईची खाट जागेवर नव्हती. दूधवाल्या पोराकडून तिने ती पहाटेच गॅलरीत सरकवून घेतली होती. "मला वारा लागतो इथे," ती म्हणाली. बस्स. पंख्याबद्दल चकार शब्द नाही. नातू तिच्या पलीकडून रोज जातो-येतो. त्याला आठवडाभर वाटत होते, आजीला गॅलरीची हौस आली आहे.

या गोष्टीने मला विचार करायला लावला आहे. जानेवारीतली झुळूक आणि एप्रिलमधली झुळूक यांत विज्ञानाच्या दृष्टीने काही फरक नाही. पहिली दान होती आणि दुसरी जुलूम. आणि हे ठरवणारी खाटेवर बसलेली बाई होती, पंखा लावणारा नव्हता. उष्णता कोणाला द्यावी याचे जे उत्तर शास्त्रात नाही आणि साधुपुरुषांकडेही नाही, ते मला वाटते एवढेच आहे, की विचारून द्यावी. आणि एकदाच विचारून भागत नाही. ऋतू बदलला की पुन्हा विचारावी लागते. आपण सोयीसाठी उलट करतो. जो बोलत नाही, त्याच्याकडे पंख्याचे तोंड करतो. मग तो बोलला नाही, याचाच पुरावा म्हणून उपयोग करतो. "आई कुठे काय म्हणाली?" हे वाक्य मी आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकले आहे, काकांच्या ऐकले आहे. ज्या घरांत म्हणून आई आहे, त्या सगळ्या घरांत ते ऐकू येत असणार.

शेवटी सांगितले ते सौ.ने, भाजी निवडता निवडता. "अरे, तुझ्या डब्यामुळे गेलीय ती तिकडे." चिरंजीव पार वरमले. पोर तसे मऊ आहे. पण तरुण माणूस वरमला की त्याला लगेच काहीतरी विकत घ्यावेसे वाटते. "हॉलला एसीच लावून टाकू," ते म्हणाले. "आजी पण गार, मशीन पण गार."

आईला गॅलरीतून सगळे ऐकू येते. डॉक्टरांनी दिलेले यंत्र न लावता ऐकू येते. "त्याचं तोंड कुणीकडे येणार?" तिने विचारले.

"बाहेर, आजी."

"बाहेर म्हणजे? खाली तो बसलाय निखारे घेऊन. त्याच्या डोक्यावर एक आहेच की."

चिरंजीव गॅलरीत गेले, वाकून पाहिले. आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली टपरी. जवळजवळ सत्तावीस वर्षे ते त्या घरात राहताहेत, त्यातली वीस वर्षे त्यांचे कपडे त्याच टपरीवर जातात, आणि तिच्या वर एसीचा डबा आहे हे त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिले.

त्यानंतर जे घडले त्याला मी शोध म्हणणार नाही. पंखे आणि पाणी यांच्याही आधीपासूनचा तो उपाय आहे. मुळात तापायचेच कमी. त्या डब्याचा पडदा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रे दाखवत होता. माणसाच्या डोळ्याला साठही पुरतात. सिनेमावाल्यांनी तर चोविसांत शतक काढले. चिरंजिवांनी कुठेसे जाऊन ती मर्यादा साठावर आणली, कार्डाला वीजही जरा कमी मिळेल अशी तजवीज केली, आणि चारशेचे अडीचशे वॅट झाले. चारांपैकी दीड पाहुणा उठून गेला. "खेळताना फरक कळतो का रे?" मी विचारले. "दोन दिवस कळला," ते म्हणाले. मग तो डबा त्यांनी उचलून स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगाशी नेला. तिसऱ्या पंख्याचे तोंड आता त्यांच्याच उशीकडे आहे. मध्यंतरी एकदा रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वारी उघड्या अंगाने, घामाघूम होऊन, मोठ्या निष्ठेने लढत होती.

शून्य उष्णतेत काम करणारे यंत्र मात्र होणार नाही म्हणतात. १९६१ साली रॉल्फ लँडाउअर नावाच्या आयबीएममधल्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की कॉम्प्युटर कितीही सुधारला तरी लिहिलेली माहिती पुसताना थोडी तरी उष्णता बाहेर पडणारच. लक्षात ठेवणे एक वेळ फुकट होईल; विसरायला मात्र किंमत पडते. हे मी सौ.ला वाचून दाखवले. तिने एवढेच विचारले, की मग तुमचे डोके कसे काय इतके थंड असते?

आईची खाट परत आत आणायला आम्ही दोघे गेलो होतो. ती हलेना. हॉल आता मोकळा आहे, गार आहे, सगळे सांगून झाले. तिला गॅलरीच मानवली आहे. तिथून म्हणे इस्त्रीच्या टपरीवर कोणाचे किती कपडे येतात ते नीट दिसते, आणि दोन नंबरच्या जिन्यातली नवी सूनबाई नवऱ्याचेच शर्ट तेवढे पाठवते, सासऱ्यांचे पाठवत नाही, हे तिने आठवडाभर मोजून पक्के केले आहे.